गुडघा दुखतो की अडकतो?



गुडघेदुखी आपल्याला काही नवी नाही. कुठल्याही गटाच्या बैठकीला जा, उठायची वेळ आली की दोघी-तिघी तरी जमिनीला हात टेकून "आई गं" म्हणत उठतात. "वय झालं", "झीज झाली", "वात धरला" असं म्हणून आपण ते सोडूनही देतो. बऱ्याच वेळा ती झीजच असते, हे खरं. पण कधी कधी गुडघा नुसता दुखत नाही, तो अडकतो. चालता चालता मध्येच कुलूप लागल्यासारखा होतो आणि थोड्या वेळानं आपोआप सुटतो. या अडकण्यामागे वेगळं कारण असू शकतं आणि त्याचा इलाजही वेगळा आहे. आजच्या आरोग्य पाठात तेच समजून घेऊ.

एका ताईंची गोष्ट

आपल्यासारख्याच एका गटातल्या ताई. वय पन्नाशीच्या आसपास. भाताच्या लावणीत वाकून काम करत होत्या. कंबर सरळ करायला उठल्या, तर उजवा गुडघा अर्धवट वाकलेलाच राहिला. सरळ होईना, वाकेनाही. दोघींनी धरून बांधावर बसवलं. दहा मिनिटं पाय हळूहळू हलवला, आत 'कट्' झालं आणि पाय मोकळा झाला. सगळ्या म्हणाल्या, "शीर चढली असेल." ताईही हसून परत चिखलात उतरल्या.

महिन्याभरानं पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या चढताना तसंच झालं. या वेळी त्या पडल्या. मग कुणीतरी मालिशवाला सांगितला. त्यानं पाय ओढून झटका दिला, तर गुडघा टम्म सुजला. नंतर बाजारातली बिननावाची पुडी झाली, महिन्याला दोन-तीन इंजेक्शनं झाली. या सगळ्यासाठी त्यांनी गटातून कर्जही काढलं. पुढे पुढे तर बैठकीला येणं बंद झालं. खाली बसलं आणि उठताना गुडघा अडकला तर चारचौघींत काय शोभा, ही भीती. इकडे गटात कुजबुज सुरू झाली, "हप्ता चुकवायला टाळतेय." कुणी घरी जाऊन विचारलं नाही.

शेवटी आशा ताईंनी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. साध्या एक्स-रेत दिसलं, गुडघ्याच्या सांध्यात हरभऱ्याएवढे दोन तुकडे सुटे फिरत होते. पुडीनं किंवा मालिशीनं ते जाणार कसे?

गुडघ्याच्या आत असतं काय?

गुडघ्यात मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि समोर वाटी अशी तीन हाडं एकत्र येतात. हाडावर हाड घासू नये म्हणून त्यांच्या टोकांवर गुळगुळीत पांढरा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्या दणके झेलतात. सगळ्या सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्या अस्तरातून वंगणासारखं चिकट पाणी पाझरतं.

कूर्चेची एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. नसा नाहीत म्हणून ती झिजायला लागली तरी सुरुवातीला कळत नाही. रक्त नाही म्हणून हातावरच्या जखमेसारखी ती भरून येत नाही. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. म्हणूनच तिचा तुकडा सुटून त्या वंगणात पडला, तर तो मरत नाही. उलट त्याच्यावर थर चढून तो मोठाही होऊ शकतो.

जातं आठवा. दाणे निवडताना एखादा खडा राहिला, की जातं फिरता फिरता अचानक अडतं. खडा बाजूला सरकला की पुन्हा फिरायला लागतं. पण तो आतच राहिला तर दगडाला चरे पडत राहतात. गुडघ्यातल्या सुट्या तुकड्याचंही असंच आहे. डॉक्टरी भाषेत त्याला गमतीनं 'सांध्यातला उंदीर' म्हणतात. आज इथे हाताला लागतो, उद्या तिथे, आणि चाचपायला गेलं की गायब.

तुकडा सुटतो कसा?

कारणं बरीच आहेत. नेहमी दिसणारी ही:

१. झीज. वयाबरोबर कूर्चा झिजते, हाडाच्या कडांना टोकं वाढतात. त्यातला कण तुटून सुटा होतो. आपल्या वयाच्या बायकांत हे कारण जास्त दिसतं.

२. मार. पडल्यामुळे, गाडीवरच्या अपघातात किंवा वाटी जागेवरून सरकल्यामुळे कूर्चेचा, कधी हाडासकट, टवका निघतो.

३. वाढत्या वयातल्या मुलांचा आजार. साधारण १० ते २० वर्षांच्या, खूप खेळणाऱ्या मुलामुलींत हाडाच्या टोकाचा छोटा भाग कमजोर होतो आणि कूर्चेसकट सुटायला लागतो. कबड्डी किंवा धावण्याचा सराव करणारं पोर महिना-महिना "गुडघा दुखतो" म्हणत असेल, तर "शाळा बुडवायचं निमित्त" म्हणू नका. तुकडा पूर्ण सुटायच्या आत कळलं, तर लहान वयात अनेकदा नुसत्या विश्रांतीनं तो जागेवर जुळतो.

४. अस्तराचा आजार. यात सांध्याचं अस्तरच कूर्चेचे गोळे तयार करतं. एका गुडघ्यात ते पुष्कळ असू शकतात. हा आजार कमी जणांना होतो.

५. क्षयरोग किंवा आमवात. या आजारांत सांध्यात तांदळाच्या दाण्यासारखे मऊ कण तयार होऊ शकतात. एकच गुडघा कित्येक आठवडे सुजलेला, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटतंय, असं असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

दुखणं, आखडणं आणि अडकणं

हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. डॉक्टरांना सांगताना मात्र वेगवेगळे वापरा.

दुखणं म्हणजे काम केल्यावर, जिना चढल्यावर ठणकणं.

आखडणं म्हणजे सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसल्यावर पाय ताठ वाटणं. चार पावलं चालल्यावर तो मोकळा होतो. झिजेत हे नेहमी होतं.

अडकणं म्हणजे चांगला चालणारा गुडघा एकदम थांबणं. सरळही होत नाही, वाकतही नाही, जोराची कळ येते आणि मग अचानक सुटतो. त्यानंतर दोन-चार दिवस सूज राहते. पुढचे काही आठवडे काहीच त्रास नसतो, म्हणून आपण विसरतो. मग पुन्हा तेच.

याशिवाय गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखं वाटणं, पाय एकाएकी लटपटून दगा देणं, वाटीच्या आजूबाजूला हलणारी गाठ लागणं, या पण खुणा आहेत. मात्र अडकणं म्हणजे दर वेळी सुटा तुकडाच असतो, असंही नाही. आतली गादी फाटून तिची कड मध्ये आली, तरी गुडघा असाच अडकतो. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी. आणि नुसता 'कट्कट्' आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर घाबरायचं कारण नाही.

अडकला तर त्या वेळी काय करायचं?

- लगेच खाली बसा किंवा आधार घ्या. डोक्यावर हंडा, भारा असेल तर आधी तो टाका. हंडा पोचला तर चालेल, हाड मोडायला नको.
- उंच जागी, बाजेवर किंवा कट्ट्यावर बसून पाय सैल लोंबू द्या. हळूहळू, दुखणार नाही इतकाच मागेपुढे हलवा. बऱ्याच वेळा तुकडा सरकतो आणि पाय सुटतो.
- झटका देऊ नका, कुणाला ओढू देऊ नका, जोरात मालिश नको. जबरदस्तीनं कूर्चेला आणखी ओरखडे पडतात, गादीही फाटू शकते.
- सूज आली तर बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा. पाय उशीवर उंच ठेवून आराम करा.

काही वेळा मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गुडघा अडकला आणि सुटतच नाही. पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही किंवा तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला. गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि सोबत ताप आहे. यातलं शेवटचं सांध्यात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. त्यात उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होतो.

डॉक्टरांना काय सांगायचं?

दवाखान्यात आपल्याला बोलायला वेळ कमी मिळतो. "पाय दुखतो" एवढंच सांगितलं तर गोळी मिळते आणि आपण परत येतो. म्हणून जायच्या आधी वहीत चार ओळी लिहून न्या. पहिल्यांदा कधी अडकला? आतापर्यंत किती वेळा? काय करताना? सुटायला किती वेळ लागला? सूज येते का? आधी कधी मार लागला होता का? कुठल्या गोळ्या, इंजेक्शनं घेतली?

डॉक्टर हातानं तपासतील, मग एक्स-रे सांगतील. तुकड्यात हाडाचा किंवा चुन्याचा भाग असेल तरच तो एक्स-रेत दिसतो. नुसत्या कूर्चेचा असेल तर दिसत नाही. म्हणून एक्स-रे साफ आहे पण गुडघा वरचेवर अडकतोच आहे, असं असेल तर एमआरआय करावा लागू शकतो. याउलट एक्स-रेत गुडघ्याच्या मागे छोटा गोल दाणा दिसला, म्हणजे तो सुटा तुकडाच असं नाही. काही माणसांना तिथे एक छोटं जास्तीचं हाड असतं. त्याचा सहसा त्रास नसतो.

इलाज काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक तुकडा काढावा लागत नाही. काही तुकडे एका कोपऱ्यात अस्तराला चिकटून गप बसतात. गुडघा अडकत नाही, सूज नाही, तर त्याला हात न लावता लक्ष ठेवणं पुरतं.

दुसरी गोष्ट, गोळीनं, तेलानं, लेपानं किंवा पुडीनं तुकडा विरघळत नाही. वेदना आणि सूज काही दिवस कमी होईल, एवढंच.

गुडघा वारंवार अडकत असेल तर तुकडा काढणं हाच इलाज. हे आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. गुडघ्याला साधारण एक सेंटिमीटरहून लहान अशी दोन-तीन छिद्रं पाडतात. एकातून बारीक दुर्बीण आत घालून सांधा पडद्यावर बघतात, दुसऱ्यातून चिमटा घालून तुकडा बाहेर काढतात. सांधा सलाईनच्या पाण्यानं धुतात. तुकडा फार मोठा असेल तर छेद थोडा मोठा घ्यावा लागतो. तरुण वयात मोठा, चांगला तुकडा नुकताच सुटला असेल, तर तो फेकून न देता स्क्रूनं परत जागेवर बसवतातही.

ही पद्धत ऐकायला नवी वाटते, पण तिची सुरुवात जुनी आहे. जपानमध्ये टोकियोत ताकागी नावाच्या डॉक्टरांनी १९१८ साली मूत्राशय बघायची नळी मृत माणसाच्या गुडघ्यात घालून आतला सांधा बघितला होता. आज आपल्याकडेही बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी हाडांचे डॉक्टर हे ऑपरेशन करतात. साधारणपणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

एक सावधगिरी: 'गुडघ्याची साफसफाई'

इथे जरा नीट वाचा, कारण पैशाचा आणि शरीराचा दोन्हींचा प्रश्न आहे. नुसती झीज आहे, गुडघा अडकत नाही, आणि कुणी म्हणालं "दुर्बिणीतून आत साफ करून देतो, दुखणं जाईल", तर लगेच होकार देऊ नका. अमेरिकेत ह्यूस्टन इथे १८० झीजवाल्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. काहींचा सांधा खरोखर धुऊन साफ केला. काहींना नुसते वरवर छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. पुढची दोन वर्षं पाहिलं, तर दोघांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. म्हणजे झिजेच्या दुखण्यावर साफसफाईचा उपयोग दिसला नाही.

सुट्या तुकड्यानं अडकणारा गुडघा ही वेगळी बाब आहे. तिथे अडकणारी वस्तूच काढायची असते. म्हणून ऑपरेशन सांगितलं तर दोन प्रश्न जरूर विचारा: "तुकडा एक्स-रेत किंवा एमआरआयत दिसतोय का?" आणि "माझं अडकणं त्याच्यामुळेच आहे का?" उत्तर समजलं नाही तर परत विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तरी चालतं. त्यात कुणाचा अपमान नाही.

खर्चाचं काय?

आधी सरकारी दवाखाना. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हाडांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, ते आशा ताईंना विचारा. ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आहेत. त्यात एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पण प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो. म्हणून दाखल व्हायच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, "हे ऑपरेशन इथे योजनेत बसतं का?" रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. आयुष्मान कार्ड अजून काढलं नसेल तर आजारी पडायची वाट बघू नका. आयुष्मान भारतची माहिती १४५५५ या नंबरवर मिळते.

गटातून कर्ज घ्यायचंच असेल तर ते तपासणीसाठी आणि खऱ्या इलाजासाठी घ्या. त्या ताईंनी पुड्या आणि मालिशीवर जेवढं घालवलं, त्याच्या छोट्याशा भागात एक्स-रे पहिल्याच महिन्यात झाला असता. बिननावाच्या पुडीत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आठ दिवस बरं वाटतं, पण पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा होते.

ऑपरेशन झाल्यावर

- पावलं वरखाली हलवायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करा, रक्त साकळत नाही. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना.
- जखम कोरडी ठेवा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर त्यावर हळद, राख, तेल काही नको.
- चालणं वॉकर किंवा काठीच्या आधारानं लवकर सुरू होतं. पण उकिडवं बसणं, ओझं उचलणं आणि शेतकाम डॉक्टर सांगतील तेव्हाच. त्याला काही आठवडे लागतात.
- मांडीचा व्यायाम रोज करा. बाजेवर पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच मोजा आणि सोडा. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

आणि झीज असेल तर ती ऑपरेशननंतरही राहते, हे मनाशी धरा. म्हणून रोजच्या सवयी बदलायच्या. खाली बसून करायचं काम पाटावर किंवा स्टुलावर, चूल-शेगडी ओट्यावर, जमलं तर संडासात खुर्ची. हंडे दोनऐवजी एक, फेऱ्या जास्त. वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. १ किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो.

पुन्हा त्या ताईंकडे

ताईंचे दोन्ही तुकडे दुर्बिणीतून निघाले. डॉक्टरांनी ते छोट्या बाटलीत घालून हातात दिले. त्यांनी ती बाटली बैठकीत सगळ्यांना दाखवली. कुजबुज करणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. गुडघा आता अडकत नाही. जिना उतरताना मात्र दुखतो, कारण झीज आहेच. लावणीला त्या चिखलात उतरत नाहीत, बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून देतात. आणि बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची असते. खुर्ची एक आणली होती, आता चार लागतात, कारण बाकीच्याही "माझा पण गुडघा दुखतो" असं मोकळेपणानं सांगायला लागल्या.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. हा पाठ मोठ्यानं वाचा. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा आखडतो आणि कुणाचा अडकतो, हे एकमेकींना विचारा.

२. जिचा अडकतो, तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवा.

३. किती जणींकडे आयुष्मान कार्ड आहे, ते मोजा. नसेल त्यांची यादी ग्रामसंघाला द्या.

४. सलग दोन बैठका न आलेल्या सदस्येच्या घरी जा. हप्त्याचं नंतर विचारा. आधी विचारा, "बाई, बरी आहेस ना?"